रघुवीर घाटात डिकी उघडून गाणी लावणाऱ्यास खुले पत्र

श्री. स्पीकरवाले यांस,

सप्रेम नमस्कार, स. न. वि. वि. वगैरे मायना मी मुद्दाम गाळला आहे. नमस्कार करावा असं तुमच्या हातून काही घडलेलं नाही.

तुमचं नाव मला ठाऊक नाही. गाडीचा नंबर पाहिला होता, तो इथे देत नाही. पितृपक्षातल्या रविवारी दुपारी खोपीकडून रघुवीर घाट चढताना, धबधब्याच्या वळणावर पांढऱ्या गाडीची डिकी आणि चारही दरवाजे उघडून, आतला स्पीकर दरीकडे तोंड करून वाजवणारे गृहस्थ म्हणजे तुम्ही, एवढी ओळख पुरे. त्या दिवशी घाटात तुमच्यासारखे आणखीही होते आणि प्रत्येक सुट्टीला असतात, म्हणून हे पत्र पाकिटात न घालता उघडं लिहिते आहे.

"जरा आवाज कमी करता का?" असं मी विचारलं, तेव्हा तुम्ही मित्राकडे बघून म्हणालात, "यांना गाण्याची आवड नाय." हे वाक्य तुम्ही आमच्या खेडच्या घरी येऊन बोला. अकरावीतली थोरली आणि आठवीतला धाकटा, दोघं तुम्हाला उंबऱ्यावरच गाठतील. थोरलीच्या कानात सकाळी उठल्यापासून गाणं असतं. कोरियन पोरांचं, मराठी रॅपचं, आजोबांच्या जुन्या कॅसेटमधल्या नाट्यगीतांचंसुद्धा. ती आवाज गोळा करते. कुकरची शिट्टी, कोकण रेल्वेचा भोंगा, पत्र्यावरचा पाऊस हे सगळं फोनवर टिपायचं, कापायचं, एकावर एक चढवायचं आणि रात्री जेवताना आम्हाला ऐकवायचं. धाकट्याच्या हातून ताटली सुटत नाही, टेबल सुटत नाही, माझी पाठसुद्धा सुटत नाही. वाडीच्या जाखडीत या गणपतीत त्याला पहिल्यांदा मृदुंगावर बसवलं. आठवडाभर आमच्या घरात याच दोघांची भांडणं चालतात, आणि ती नव्वद टक्के गाण्यावरूनच असतात. तेव्हा आवडीचं तुम्ही आम्हाला सांगू नका.

मोठ्या आवाजाचंही मला वावडं नाही. मी कोकणातली आहे. शिमग्यात पालखी नाचते तेव्हाचा ढोल घराच्या भिंतीतून छातीत येतो आणि मी अंगणात उभी राहून तो ऐकते. गौरी-गणपतीच्या रात्री जाखडी रंगते तेव्हा मधे गाणारे आणि मृदुंगवाला बसतात, भोवती पोरं फेर धरतात, पायातल्या चाळांचा एकच ठेका पडतो आणि पहाटेपर्यंत वाडी झोपत नाही. पण तिथे वाडीने बोलावलेलं असतं. गाणाऱ्याचा घाम समोर दिसतो. कुणाचं पाऊल चुकलं तर मृदुंगवाला मान वर करून बघतो. लहान बाळ रडायला लागलं तर कुणी म्हातारी उठून "जरा थांबा रे" म्हणते आणि ते थांबतात. तुम्ही एक बटण दाबलंत आणि खुर्ची टाकून बसलात. तुम्ही गात नव्हतात, वाजवत नव्हतात, आणि खरं सांगायचं तर ऐकतही नव्हतात. गाणं चालू असताना तुम्ही ओरडून फोनवर बोलत होतात.

आता आमच्या रविवारचं सांगते. मुलांच्या बाबांची लोट्याला शिफ्ट, मुलांचे क्लास, माझी नोकरी यांतून चौघं एकत्र असतील असा तो एकच दिवस. कधी हर्णैला संध्याकाळचा मासळीचा लिलाव बघायला जातो, कधी रसाळगडावर झोलाई-वाघजाईच्या देवळापुढे डबा उघडतो. पाऊस ओसरला की मात्र रघुवीर घाटच. भर पावसात तिथे दरडी येतात, प्रशासनाने पर्यटकांना बंदी घातल्याचेही पावसाळे झाले आहेत, म्हणून आम्ही भाद्रपदापर्यंत थांबतो. गाडीत कुणाचा फोन जोडायचा याची पाळी ठरलेली असते. भरणे नाक्यापर्यंत एकाची गाणी, तिथून पुढे दुसऱ्याची. आणि खोपी सोडली की गाणी बंद, काचा खाली. हा नियम मी किंवा मुलांच्या बाबांनी घातलेला नाही, थोरलीने घातला. "वर लाइव्ह चालू असतं, रेकॉर्ड कशाला लावायची," असं तिचं म्हणणं. सतरा वर्षांच्या मुलीला हे कळतं.

वर काय चालू असतं ते तुम्हाला कळायला मार्ग नव्हता, म्हणून सांगते. पाण्याचा आवाज एक नसतो. कातळावरून पातळ घसरणारं पाणी वेगळं, उंचावरून कुंडात आपटणारं वेगळं, रस्त्याखालच्या मोरीतून जाणारं वेगळं. धाकटा त्यात मात्रा मोजत बसतो. आणि या सगळ्या पाण्यावरून स्वच्छ ऐकू येते ती शीळकरी कस्तूराची शीळ. काळा-निळा पक्षी, कपाळावर चमकदार निळा पट्टा, सह्याद्रीतल्या ओढ्यांच्या काठी राहणारा. एखादा मुलगा आपल्याच नादात शीळ घालत शाळेतून घरी चालला असावा, तशी ती शीळ. तिला ठरलेली चाल नसते, ती भटकते, मधेच थांबते, पुन्हा भलत्याच सुरावर उगवते. थोरलीला ती गेल्या वर्षीपासून हवी होती. त्या रविवारी पक्षी जवळ बोलला. ती छत्रीखाली फोन धरून ओल्या दगडावर उकिडवी बसली, आम्ही तिघं श्वास धरून उभे. आणि खालच्या वळणावर तुम्ही डिकी उघडलीत.

तिच्या त्या रेकॉर्डिंगमध्ये आता काय आहे सांगू? तुमचं गाणंसुद्धा नाही. बारीक सूर, शब्द, गळ्यातली हरकत हे झाडीत, हवेत, वळणाआड लवकर विरतं. जाड, खालचा आवाज अडथळ्याला वळसा घालून लांबवर जातो. त्यामुळे आमच्यापर्यंत पोचली ती नुसती धडधड. ज्याने ते गाणं लिहिलं, ज्याने गायलं, ज्याने त्यात बासरी भरली, त्यांच्यातलं कुणीही दोन वळणं वर पोचलं नाही. तुम्ही दरीला गाणं ऐकवत होतात असं तुम्हाला वाटत असेल तर ते खोटं आहे. तुम्ही गाण्यातला एकटा ठोका काढून सगळ्या डोंगराच्या डोक्यात मारत होतात. पक्षी उडाला. लायडन शहरातल्या रामगंगा जातीच्या पक्ष्यांवरचा एक अभ्यास २००३ साली प्रसिद्ध झाला होता. गोंगाटाच्या जागी राहणारे पक्षी आपला खालचा सूर सोडून वरच्या पट्टीत गातात, असं त्यात दिसलं. तिथे निदान शहर होतं, माणसांना कामाला जायचं होतं. इथे पक्ष्याने आपली पट्टी तुमच्या डिकीसाठी का बदलायची?

आणखी एक. तुम्ही लावलेलं ते गाणं थोरलीच्या फोनवर होतं, तिच्या आवडीचं होतं. घरी आल्यावर तिने ते यादीतून काढून टाकलं.

मी दुसऱ्यांदा सांगायला आले तेव्हा तुम्ही म्हणालात, "ओ ताई, रस्ता काय तुमच्या मालकीचा आहे का?" नाही. पण कुणाचा आहे ते ऐका. घाट चढून गेलं की शिंदी, आणि पुढे कांदाटी खोऱ्यातली उचाट, अकल्पे वगैरे गावं. जिल्हा सातारा. कोयनेचा शिवसागर भरला आणि ही गावं पाण्याच्या पलीकडे राहिली. तापोळ्याला जायचं तर लाँच. बाजार, दवाखाना, एसटी, कामधंदा या सगळ्यासाठी त्यांना जवळचं ठिकाण म्हणजे आमचं खेड, आणि खेडला यायला हा घाट. तुमची सहल जिथे मांडली होती तो कुणाच्या तरी बाळंतपणाचा रस्ता आहे. तुमचे उघडे दरवाजे अर्ध्या रस्त्यावर आले होते. वरून उतरणाऱ्या जीपवाल्याने वळणाआधी हॉर्न दिला, तो आम्हाला वर ऐकू आला, तुम्हाला आला नाही. त्याने करकचून ब्रेक मारला तेव्हा तुमचा मित्र त्याच्यावरच खेकसला.

इथे मला सगळ्यात जास्त राग आहे. घाटात कान उघडे ठेवणं ही हौस नाही. वरून आधी बारीक खडी सुटते, मग दगड येतो. ओढ्याचं पाणी वाढायच्या आधी त्याचा आवाज भरतो. गुराखी, जीपवाले, एसटीचे ड्रायव्हर हे सगळं कानाने वाचतात. २०२१ च्या जुलैत याच खेड तालुक्यात पोसरेच्या बौद्धवाडीवर डोंगर उतरला आणि १७ माणसं गेली. डोंगर काय करू शकतो हे आम्हाला कुणी शिकवायला नको. धबधब्याखाली तुमच्यातलीच चार पोरं उभी होती. वरून काही सुटलं असतं आणि कुणी ओरडून सांगितलं असतं, तर त्यांना ऐकू गेलं असतं का? तुमच्या स्पीकरपासून पाच पावलांवर मी काय बोलते ते तुम्हाला ऐकू येत नव्हतं.

कायद्याची आठवण मी तिथेही करून दिली होती, तेव्हा तुम्ही हसलात. ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० सालचे आहेत. निवासी भागात दिवसा ५५ डेसिबल, रात्री ४५. सार्वजनिक जागी स्पीकर लावला तर त्या जागेच्या हद्दीवर आवाज तिथल्या मर्यादेपेक्षा १० डेसिबलहून जास्त वर जाता कामा नये, आणि कोणत्याही परिस्थितीत ७५ च्या पुढे नाही. १८ जुलै २००५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने याच विषयावर मोठा निकाल दिला. ते प्रकरण उभं राहिलं त्यामागे एक घटना होती. तेरा वर्षांच्या मुलीवर अत्याचार झाला, ती मदतीसाठी ओरडत होती, आणि शेजारी मोठ्याने चाललेल्या गाण्यांत तिची हाक कुणालाच ऐकू आली नाही. मला बोलायचा अधिकार असेल, पण समोरच्याला ऐकायची सक्ती करायचा नाही, ही गोष्ट न्यायालयाने त्या निकालात स्पष्ट केली. हसण्यासारखं यात काय आहे ते मला अजून समजलेलं नाही.

लोक म्हणतात, आजकालच्या पोरांना धिंगाण्याचंच वेड. मी तसं म्हणणार नाही, कारण मी त्या दिवशी डोळ्यांनी पाहिलं. स्पीकरचं बटण चाळिशीतल्या माणसाच्या हातात होतं. तुमच्या गाडीत मागच्या सीटवर एक बारा-तेरा वर्षांचा मुलगा बसला होता, बहुधा तुमचाच. त्याच्या दोन्ही कानांत इयरफोन होते. तुमच्या गाण्यापासून तो आपलं गाणं वाचवत होता, आणि त्यासाठी त्याला स्वतःचा आवाज किती वाढवावा लागला असेल याचा विचार करा. जागतिक आरोग्य संघटना सांगते की ८० डेसिबल आवाज आठवड्याला ४० तास कानाला सोसतो. तोच ९० झाला तर आठवड्याला फक्त चार तास. माझ्या मुलांना मी हा हिशेब घरी भिंतीवर लावून दिला आहे. थोरलीने फोनमध्ये आवाजाची मर्यादा घालून घेतली, धाकटा अजून कुरकुरतो. गाणं आवडणाऱ्या मुलाचा कान ही त्याची आयुष्याची पुंजी आहे. तुमच्या मुलाची तुम्ही रविवारी दुपारी उधळत होतात.

खेडच्या आणि खेडला येणाऱ्या बाकीच्यांनाही सांगते. असा कुणी दिसला तर मान खाली घालून पुढे जाऊ नका. गाडी थांबवा, उतरा, बोला. ऐकलं नाही तर ११२ ला फोन लावा. त्या दिवशी वळणावर आणखी कितीतरी गाड्या होत्या, सगळ्यांच्या कपाळावर आठ्या होत्या, आणि बोलायला मी एकटी उतरले. दुसरी एक जरी गाडी थांबली असती तरी तुमची डिकी बंद झाली असती, याची मला खात्री आहे.

आणि श्री. स्पीकरवाले, तुम्हाला घाट वर्ज्य नाही. मुलाला घेऊन जरूर या. खोपीला थांबून चहा घ्या, तिथेच स्पीकर बंद करा, त्याच्या कानातले इयरफोन काढायला सांगा, काचा खाली करा आणि मग वर चढा. हे जमणार नसेल तर खोपीहून गाडी मागे फिरवा.

खेड, जि. रत्नागिरी
दोन मुलांची आई