एक आमची, एक तुमची

सूर्य दिसला की काही जणांचे हात आपोआप जोडले जातात. मला शिंक येते. सर्दी नसते, धूळ नसते, फोडणीतली मिरचीही नसते. अंधारातून लख्ख उजेडात पाऊल पडलं की डोळे मिचमिचतात, नाकात काहीतरी हुळहुळतं, मान वर जाते आणि पुढचं सगळं गाव ऐकतं.

शिंक नुसती शिंक असती तर रुमालावर भागलं असतं. पण आमच्याकडे तिला मताचा अधिकार आहे. कोणी बोलत असताना आली तर बोलणं खरं ठरतं, कोणी निघताना आली तर जाणं खोळंबतं. त्यात आमचं घर कोकणातलं, म्हणजे माझ्यासारख्याच्या मुळावर उठलेलं. माजघरात भर दुपारीही दिवा लागायचा आणि ओटी-पडवी ओलांडून अंगणात आलं की थेट वैशाखाचं ऊन! काका कोर्टाच्या तारखेला निघाले आणि त्यांची पिशवी घेऊन मी मागोमाग उंबऱ्याबाहेर आलो की ठरलेली शिंक. काका परत फिरायचे, बसायचे, पाणी प्यायचे, माझ्याकडे बघायचे आणि पुन्हा निघायचे. एस.टी.ला मात्र शकुन-अपशकुन नसतो. ती गेलेली असायची.

शेवटी मला नाकाच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी नाकपुड्यांत बॅटरी मारून बराच वेळ पाहिलं आणि ‘नाक उत्तम आहे’ असा दाखला दिला. तो खराच होता. बिघाड नाकात नव्हताच. एक समजूत अशी की, डोळ्यांतून उजेडाची वर्दी नेणारी नस आणि नाकाची खाज मेंदूला कळवणारी नस यांचे संदेश आत कुठेतरी एकमेकांत मिसळतात. उजेडाने फोन डोळ्याच्या नंबरावर लावायचा आणि उचलायचा नाकाने, असा हा राँग नंबर. शंभरांतल्या साधारण 18 ते 35 माणसांकडे तो लागतो म्हणतात. आमच्या घरात तेव्हा मी एकटाच होतो. बाकीचे शेजाऱ्यांकडे असावेत.

पुढे वाचनात आलं की या शिंकेने भल्याभल्यांना छळलं आहे. अ‍ॅरिस्टॉटलच्या नावावर चालणाऱ्या एका जुन्या प्रश्नसंग्रहात शंका आहे की, उन्हाच्या उष्णतेने शिंक येते, तर विस्तवाच्या उष्णतेने का येत नाही? सतराव्या शतकात फ्रान्सिस बेकनने याचा छडा लावायचं ठरवलं. तो डोळे मिटून सूर्यासमोर उभा राहिला आणि शिंक आली नाही. म्हणजे उष्णता सुटली, डोळे अडकले. मग त्याने असं ठरवलं की, डोळ्यांत पाणी येतं, ते नाकात उतरतं आणि शिंक येते. हे काही आज कोणी मानत नाही, कारण पाणी उतरायच्या आत शिंक येऊन गेलेली असते. प्रयोग मात्र पक्का. मीही करून पाहिला. डोळे गच्च मिटून अंगणात उतरलो. शिंक आली नाही, तुळशीवृंदावन आलं. बेकन इंग्लंडचा, त्याच्या अंगणात वृंदावन नसावं.

1993 मध्ये लष्करी वैद्यकाच्या एका नियतकालिकात लढाऊ वैमानिकांना या शिंकेचा धोका किती, यावर लेख आला होता. रास्त काळजी आहे. पण मला विमान चालवायचं नव्हतं. ताईचं लग्न ठरेपर्यंत नाक सांभाळायचं होतं, एवढंच.

बैठक छान झाली. देण्याघेण्यावरून आवाज चढला नाही, पोह्यांत खडा लागला नाही. ‘आता आमचा होकारच समजा,’ असं म्हणत मुलाचे वडील अंगणात उतरले आणि त्यांच्या गाडीत ठेवायची नारळांची पिशवी घेऊन मी माजघरातून बाहेर आलो.

शिंकलो. एकदाच, पण भरघोस.

गाडीच्या ड्रायव्हरनेसुद्धा इंजिन बंद केलं. मुलाचे वडील काही न बोलता मागे फिरले आणि माजघरात जाऊन बसले. पाण्याचा तांब्या आत गेला. आत्याने मला दंडाला धरून पडवीच्या कोपऱ्यात घेतलं.

‘मेल्या, एकटी शिंक वाईट. जोडीची काढ!’

मी अंगणात जाऊन सूर्याकडे नाक केलं. काही नाही. ही शिंक येते ती अंधारातून एकदम उजेडात आल्यावर. डोळे उन्हाला सरावले की तीही पाठ फिरवते. मग आजोबांची तपकिरीची डबी आली. चिमूट ओढली आणि जी काही माळ लागली, ती आत्या बोटांवर मोजत होती. ‘सम झाली, थांब!’ ती ओरडली. तोवर विषम झाली होती. पुन्हा कशीबशी सम झाली, तर मुलाची मावशी दारातून म्हणाली, ‘अहो, ओढून आणलेली शिंक धरत नाहीत.’

यावर आत्याकडे उत्तर नव्हतं. असं मी प्रथमच पाहत होतो.

तेवढ्यात, ‘अहो, चला आता, उशीर होतोय,’ असं म्हणत मुलाचे वडील माजघरातून तरातरा अंगणात आले, उन्हात थबकले, मान वर केली आणि शिंकले. माझ्यासारखेच. एकदाच, भरघोस.

‘एक आमची, एक तुमची!’ आत्या टाळी वाजवून म्हणाली. ‘जोड झाली!’

लग्न झालं. भाचा झाला. पहिल्यांदा त्याला अंगणात आणलं तेव्हा तो इवलंसं नाक फुगवून शिंकला आणि सगळं घर एकमुखाने म्हणालं, ‘अगदी मामावर गेलाय!’

मी विज्ञान काढलं. ही खोड आनुवंशिक आहे. आईबापांपैकी एकाकडे असली तरी मुलात उतरायची शक्यता निम्मी. ताई तर भर दुपारी उन्हात वाळवणं घालते, कधी शिंकत नाही. तेव्हा ही देणगी बापाच्या, म्हणजेच आजोबांच्या बाजूची. व्याही पेपरात तोंड घालून बसले होते. भाऊजींनी गॉगल पुसायला घेतला.

तेवढ्यात बाळ पुन्हा शिंकलं.

‘बघा!’ मी ओरडलो. ‘मी बोलत असताना शिंकला. सत्याची शिंक!’

‘उन्हातली आहे,’ आत्या म्हणाली. ‘उन्हातली धरत नाहीत.’