अंगठ्याची किंमत
२०१५ साली अ‍ॅपलने आपल्या ‘अ‍ॅपल टीव्ही’ या डब्याच्या रिमोटवरून बाणांची बटणं हद्दपार करून काचेचा स्पर्शपट्टा बसवला. अंधारात रिमोटची वरची बाजू कुठली तेच कळेना, म्हणून २०१७ मध्ये एका बटणाभोवती पांढरं कडं आलं. २०१९ मध्ये स्वित्झर्लंडच्या सॉल्ट या दूरसंचार कंपनीने अ‍ॅपल टीव्ही वापरणाऱ्या आपल्या ग्राहकांना सरळ बटणांचा रिमोटच दिला. २०२१ मध्ये अ‍ॅपललाही बाण सापडले. (स्पर्शही ठेवलाच, हौसेला मोल नाही.)

एवढा द्राविडी प्राणायाम कशाला? हैदराबादेत, कोठीच्या गुजराती गल्लीतल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात विचारायचं होतं. काचीगुड्याच्या मराठी आजोबांना जाहिरातीचा आवाज बंद करायला चष्मा लागत नाही, रबरी बटणावर अंगठा पुरतो. काचेवर तोच अंगठा जरा घसरला, की मालिका दहा मिनिटं पुढे आणि आजी थेट आजोबांच्या अंगावर.