चौरंगाचा बैल कसा करावा

तान्ह्या पोळ्याला मुलं जो लाकडी बैल दारोदार ओढत नेतात, तो बाजारात मिळतो. पोळा जवळ आला की दुकानांपुढे त्यांची रांग लागते. रंग दिलेला, चाकं लावलेली, दोन्ही शिंगं सारखी. तरीही यंदा तो घरीच करायचा, असं ज्यांनी ठरवलं आहे त्यांच्यासाठी हे मार्गदर्शन आहे. ज्यांनी ठरवलेलं नाही त्यांनीही वाचून ठेवावं. घरात असा माणूस निघाला तर लक्षणं वेळेवर ओळखता येतील.

पहिला नियम असा की सुरुवात बैलाने करायची नाही, चौरंगाने करायची. लाकडात भर घालता येत नाही, फक्त काढता येतं. कुंभाराचं मडकं बिघडलं तर माती पुन्हा चाकावर चढते. चुकीची कापलेली फळी कापलेलीच राहते. म्हणून मुरलेला हौशी माणूस वस्तू ठरवून लाकूड आणत नाही. तो मोठं लाकूड आणतो, कापत राहतो आणि उरेल त्यावरून वस्तूचं नाव ठेवतो. चौरंगाचा एक पाय लांब निघतो. तो कापला की दुसरा लांब ठरतो. असे चारही पाय संपले की जे हाती राहतं त्याला पाट म्हणतात. पाटाला खिळा मारताना चीर जाते, दोन तुकडे होतात, आणि त्यातल्या मोठ्या तुकड्यात, नीट पाहिलं तर, बैल असतो.

(चीर जाऊ द्यायची नसेल तर खिळ्याचं टोक हातोडीने थोडं बोथट करून मग ठोकावा. टोकदार खिळा लाकडाचे रेषे बाजूला सारत जातो आणि फळी फाकते. बोथट खिळा रेषे चिरडत जातो. पण मग पाट शाबूत राहील आणि बैल होणार नाही. निवड तुमची.)

लाकूड कुठून आणावं? मेळघाटचं सागवान परतवाड्याच्या डेपोत लिलावाने विकलं जातं. पण तिथे घनमीटरची भाषा चालते आणि आपल्याला हवा असतो दीड फुटाचा तुकडा. शेताच्या धुऱ्यावरल्या सागाकडेही पाहू नका. झाड आपलं असलं तरी ते तोडायला 1964 च्या कायद्याप्रमाणे परवानगी लागते आणि लाकूड हलवायला वाहतूक पास. एवढे कागद जमेस्तोवर पोळा होऊन जातो आणि मुलगा कॉलेजात जातो. सगळ्यात चांगली म्हणजे पाडलेल्या जुन्या घराची चौकट. ओल्या फळीला सावलीत सुकायला इंचभर जाडीमागे वर्ष धरतात. चौकटीने ती मुदत आपल्या आजोबांच्या काळातच भरलेली असते. तिच्यात मोडलेले खिळे असतात. ते नेमके कुठे आहेत, हे शोधण्याचं खात्रीचं साधन म्हणजे नवा रंधा.

हत्यारांत करवत, रंधा, पटाशी, गुण्या, गिरमिट आणि हातोडी पुरेत. वाकस घेऊ नका. वाकस चालवणारा कारागीर लाकूड पायाखाली दाबून तासतो, आणि हौशी माणसाला सोमवारी दोन्ही पायांनी ऑफिसात जायचं असतं. पटाशीबद्दल दुकानदार एक गोष्ट सांगत नाही: नव्या पटाशीला धार नसते. ती 25 ते 30 अंशांच्या कोनात दगडावर घासून काढावी लागते आणि हातावरच्या केसांवर तपासावी लागते. गावात कोणाच्या डाव्या हातावर ठिकठिकाणी टक्कल दिसलं तर त्याच्या घरी काहीतरी अर्धवट पडलेलं आहे, असं खुशाल समजावं. बोथट पटाशी धारदार पटाशीपेक्षा वाईट, कारण तिला जोर जास्त लागतो, आणि जोराने घसरलेली पटाशी लाकडाकडे जात नाही. डावा हात नेहमी धारेच्या मागे ठेवावा. हा एवढा परिच्छेद विनोद म्हणून वाचू नये.

मापाचं थोडक्यात. टेपवर सेंटिमीटर असतात, पण सुतारकाम चालतं इंच आणि सुतावर; आठ सुतांचा इंच. करवत स्वतःच अर्धा सूत तरी खाते. रेघेच्या कोणत्या अंगाने कापायचं हे ठरलेलं नसेल तर रेघ सरळ मारण्यात वेळ घालवू नये.

एव्हाना फाटकाशी एक म्हातारे वाढई येऊन उभे राहतील. त्यांना बोलवावं लागत नाही. रंध्याचा आवाज चुकला की ते येतात. या माणसाने उमेदीत बंडीच्या चाकासाठी बाभळीचा तुंबा कोरून त्यात आरे बसवले आहेत, लोखंडी धाव लाल तापवून चाकावर चढवली आहे आणि पाणी ओतून आवळली आहे. ट्रॅक्टर आले, बंडी गेली, वखर आणि तिफन लोखंडाचे झाले. अशा माणसाकडे गावाने आज मोडक्या खाटांखेरीज काही काम ठेवलेलं नाही, ही लाजेची गोष्ट आहे. पण तुमच्या अंगणापुरती ती सोयीची आहे.

"काय करून रायले भाऊ?"

"बैल."

"असं काय. मले वाटलं पाट हाय."

यावर उत्तर देऊ नये. ते फळी हातात घेतील, अंगठा एकदा इकडून आणि एकदा तिकडून फिरवतील आणि विचारतील, "लाकडाले इचारलं काय, कोनीकडून सोलू म्हून?" हा टोमणा नाही. रेषे ज्या बाजूला वर चढतात त्या बाजूने रंधा चालवला की लांब, गुंडाळलेली साल निघते आणि खाली चकाकी येते. उलट चालवला की रंधा अडखळतो आणि रेषे उपटून काढतो. हौशी माणूस अशा वेळी रंध्याचं पातं आणखी बाहेर काढतो. वाढई फळी फिरवतात.

पुढचा प्रश्न पायांचा. फळी आडवी धरून बैल आखला तर रेषे पाठीच्या दिशेने, म्हणजे पायांना आडवे जातात, आणि पाय पहिल्याच धक्क्याला बिस्किटासारखा तुटतो. रेषे उभे ठेवले तर पाय टिकतात, पण मग शेपटी जाते. बाजारातल्या बैलाची शेपटी दोरीची का असते, हे या टप्प्यावर कळतं. शिंगं अंगच्याच लाकडात कोरायच्या भानगडीत पडू नका. वेगळी करून गिरमिटाच्या भोकात बसवा. दोन्ही भोकांचा तिरपेपणा सारखा हवा. नाहीतर एक शिंग अमरावतीकडे आणि दुसरं यवतमाळकडे असा बैल होतो. आपलं नांदगाव खंडेश्वर त्या दोहोंच्या मधे असल्यामुळे हे भौगोलिकदृष्ट्या बरोबर आहे, असं म्हणता येईल. तान्ह्या पोळ्याच्या स्पर्धेचे परीक्षक ते मानतीलच असं नाही.

जोडकामाविषयी गावात एक चुकीची प्रेरणा उपलब्ध आहे. खंडेश्वराच्या हेमाडपंती देवळात दगडावर दगड चुन्याशिवाय बसवलेले आहेत. ते पाहून आपणही कुसू आणि भोक असं जुळवू की काही चिकटवावं लागणार नाही, अशी उबळ येते. दर्शन घ्यावं आणि परत येताना फेविकॉल घ्यावा. 1959 साली तो बाजारात आला, त्याआधी सुताराला सरस उकळत बसावं लागे. ज्यांनी तो वास घेतला आहे ते फेविकॉलबद्दल वाईट बोलत नाहीत. शिवाय रंध्याचा नव्हे, करवतीचा बारीक भुसा फेविकॉलमध्ये कालवला की घट्ट लगदा होतो. हौशी सुतारकामाचा निम्मा भाग या लगद्याखाली असतो.

आता चाकं. जाड फांदीच्या चकत्या कापल्या की आयती चार चाकं मिळतील, असं प्रत्येकाला वाटतं. उन्हाळ्यात पाच-सहा दिवसांत प्रत्येक चकतीला गाभ्यापासून सालीपर्यंत एक सरळ तडा जातो. सुकताना लाकूड घेराच्या दिशेने जितकं आकसतं, त्याच्या जवळपास निम्मंच ते गाभ्याच्या दिशेने आकसतं. त्या ओढाताणीत चकती फाटते. वैशाखात आपल्याकडे पारा पंचेचाळिशीला टेकतो, तेव्हा फाटण्याचा आवाजही ऐकू येतो. चाकं सुक्या फळीतून काढा आणि भोक मध्यात पाडा. भोक सूतभर सरकलं तर बैल ओढताना दर फेऱ्याला मान लववतो. पाहणाऱ्यांना ती भक्ती वाटू शकते, म्हणून हा दोष दुरुस्त करू नये.

आस मात्र भोकात सैल ठेवा, सूतभर तरी. मे महिन्यात खुळखुळणारी आस श्रावणझडीत फुगते आणि चाकं जागच्या जागी थांबतात. घराचं मागचं दार पावसाळ्यात का लागत नाही, त्याचंही कारण हेच. हा शोध घरात मोठ्याने सांगू नये, नाहीतर दारही तुमच्याकडेच येईल.

श्रावण अमावास्येला पोळा आणि दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा. पंचांग फेविकॉल वाळण्याची वाट पाहत नाही. नागपुरात दुसऱ्या रघुजीराजे भोसल्यांनी 1806 साली मुलांसाठी हा पोळा सुरू केला असं सांगतात. राजे असल्यामुळे त्यांनी बैल स्वतः केला नसावा. रंग ऑइलपेंटचा द्यावा, दोन हात, झूल गुडघ्यापर्यंत येईल अशी शिवावी, आणि गळ्यात घुंगरं एवढी बांधावीत की लोक आधी ऐकतील आणि मग पाहतील. कोणी विचारलंच, तर मुलाला एक वाक्य पाठ करून ठेवावं: "बैलच हाय थो."

दारोदार मिळालेला बोजारा, म्हणजे खाऊचे पैसे, मुलाचा असतो. त्यातून गिरमिटाचं मोडलेलं पातं भरून घ्यावं अशी सूचना मांडायची असेल, तर ती मुलाची आई घरात नसताना मांडावी.