मालक सोडून सगळे हजर

शिरोली एमआयडीसीतल्या आमच्या ओळखीच्या एका मालकांना दिवाळीचा बोनस वाटून झाल्याच्या आठवड्यातच साक्षात्कार झाला, की आपल्या फाउंड्रीतली माणसं पाच-दहा मिनिटं उशिरा येतात. बोनसचा आणि साक्षात्काराचा संबंध आम्ही लावत नाही, लावणारे लावोत. मालकांनी लगोलग हजेरीयंत्राची कोटेशनं मागवली आणि ‘तुम्ही चार अक्षरं लिहिता, बसा आमच्यात’ म्हणून आम्हालाही निवड समितीत ओढलं. समितीत मालक, पुण्याहून एमबीए होऊन आलेले धाकटे शेठ, अकौंटंट आणि टाइम ऑफिसचे आप्पा. आप्पांना घेण्यामागे माणुसकी होती. यंत्र आलं की नोकरी त्यांचीच जाणार होती, तेव्हा आधी कानावर असलेलं बरं.

तोवर फाउंड्रीचं ‘सॉफ्टवेअर’ म्हणजे आप्पांचं मस्टर. कडा तेलकट झालेलं लांबडं रजिस्टर, हजर माणसापुढे निळी तिरकी रेघ, खाड्यापुढे लाल फुली. मधला प्रकार आप्पा डोक्यात ठेवत. निम्मी माणसं आसपासच्या खेड्यांतली, घरी एकर-दीड एकर ऊस. शेतीपंपाची वीज रात्रीची असली की माणूस रात्रभर पाटावर आणि सकाळी सातला पाळीवर. असा गडी सव्वासातला आला तर आप्पा मान वर न करता निळी रेघ ओढत, आणि रात्री गावात तमाशा बघून आलेल्याला सात वाजून दोन मिनिटांनीही गेटवर उभा करत. धाकट्या शेठांच्या मते ही ‘सब्जेक्टिव्हिटी’ होती आणि कंपनीच्या वाढीला तीच आड येत होती.

हा रोग काही शिरोलीत जन्मला नाही. न्यूयॉर्क राज्यातल्या ऑबर्न गावच्या विलार्ड बंडी नावाच्या जवाहिऱ्याने कामगाराची वेळ कागदावर छापणारं घड्याळ काढलं आणि 1890 मध्ये त्याचं पेटंट मिळवलं. प्रत्येकाला नंबराची वेगळी किल्ली. ती घड्याळात घालून फिरवली की वेळ छापून येई. बंडींचा हा धंदा पुढे इतरांत मिसळत मिसळत 1911 मध्ये ज्या कंपनीत गेला, तिनेच 1924 मध्ये आयबीएम हे नाव घेतलं. म्हणजे संगणकाच्या घराण्याची कुंडली मांडायला बसलं, तर लग्नस्थानी ‘हा गडी खरंच सातला आला का’ हा संशय निघतो. आणि संशयाला उताराही त्याच दिवशी जन्मला असणार: दोस्ताची किल्ली दोस्ताने फिरवायची. आपल्या कॉलेजांतून प्रॉक्सी मारणाऱ्यांना वाटतं, शोध आपला.

गिरण्यांच्या मुंबईत तर हजर असणं आणि हजेरी लागणं ह्या दोन निराळ्या गोष्टी होत्या. बदली कामगार भोंग्याआधी गेटवर उभा. जॉबरच्या मनात आलं तर आत, नाहीतर आल्या पावली चाळीत परत. जॉबरच्या मनात काय यावं, हे दस्तुरी ठरवी. ह्या व्यवस्थेला कुणी ‘अटेंडन्स सोल्यूशन’ म्हणत नव्हतं, कारण तेव्हा इंग्रजी बोलणारे सेल्समन गिरणगावात फिरत नव्हते.

आमच्याकडे मात्र ते फिरले. पहिला आला तो बोटांच्या ठशाचं यंत्र घेऊन. गळ्यात टाय, हातात गुळगुळीत काळी डबी. त्याने मोठ्या अदबीने मालकांचंच बोट मागितलं. मालकांनी टेकवलं आणि डबीतल्या बाई गोड आवाजात ‘थँक यू’ म्हणाल्या. मालकांना आयुष्यात यंत्राने आभार मानल्याचा हा पहिलाच प्रसंग. ते खुलले. मग त्यांनी हौसेने एका जुन्या मोल्डरला हाक मारली. पंचवीस वर्षं वाळूत हात घातलेला माणूस. त्याने बोट ठेवलं. ‘प्लीज ट्राय अगेन.’ पँटला पुसून ठेवलं. ‘प्लीज ट्राय अगेन.’ सेल्समन म्हणाला, बोट जरा कपाळावर घासा, तेलकटपणा येतो. घासलं. बाई ठाम होत्या. मग अंगठा, मधलं, करंगळी, डावा हात. दहाही बोटं झाली आणि मोल्डर मालकांकडे वळून म्हणाला, ‘‘मालक, ठसा वाळूनं खाल्ला समदा. यंत्राला म्हणावं साच्यात हुडक, तितं घावंल.’’

‘‘थोडं रिजेक्शन धरायचंच असतं, पप्पा,’’ धाकटे शेठ म्हणाले. कास्टिंगच्या धंद्यात रिजेक्शन हा शब्द ऐकला की मालकांच्या पोटात गोळा येतो, त्यामुळे यंत्राचा भाव तिथेच पडला. त्यात आम्ही माहितीची भर घातली. 2013 मध्ये ब्राझीलमध्ये एक डॉक्टरीणबाई सिलिकॉनची बोटं वापरून गैरहजर सहकाऱ्यांची हजेरी लावताना पकडल्या गेल्या होत्या. आप्पा इतका वेळ गप्प होते. आता त्यांनी चष्मा पुसला. ‘‘म्हणजे माणूस असून ठसा नसला तर घेत नाही, आणि ठसा असून माणूस नसला तर घेतंय. बरं हाय.’’

सेल्समन नाउमेद झाला नाही. केंद्र सरकारच्या कचेऱ्यांत 2014 पासून आधारशी जोडलेली बायोमेट्रिक हजेरी आहे, असं त्याने बजावलं. खरं आहे. मार्च 2020 मध्ये करोना आल्यावर हीच यंत्रं झाकून ठेवायला सांगितली गेली, हेही खरं आहे, पण ते माहितीपत्रकात नव्हतं. त्या साथीने अनेकांची रोजीरोटी नेली आणि चेहरा ओळखणारं यंत्र विकणाऱ्यांची आणून दिली.

ते दुसरं यंत्र. ह्याला हात लावायचा नाही, नुसतं समोर उभं राहायचं, एरवी आपण साहेबासमोर राहतो तसं. ट्रायलसाठी ते गेटवर लावलं. गेट पूर्वेला तोंड करून, येणाऱ्याच्या पाठीमागे सूर्य. सकाळी सातला कॅमेऱ्यासमोर माणूस आला की यंत्राला दिसायचं फक्त तेजोवलय. संत म्हणून कुणालाही घेतलं असतं, हेल्पर म्हणून घेत नव्हतं. ते कसंबसं छत घालून निभावलं. जाताना नवीच पंचाईत. सकाळी गोरागोमटा आत गेलेला गडी भट्टीवरून आणि फेटलिंगवरून दुपारी निघतो, तेव्हा त्याला त्याची बायकोही आवाजावरून ओळखते. यंत्राने आत घेतलेला माणूस बाहेर पडलेलाच दिसेना. त्याच्या हिशेबाने एक हेल्पर सलग चार दिवस फाउंड्रीतच होता.

‘‘मग चार दिवसांचा ओव्हरटाइम द्यायचा का?’’ अकौंटंटने घाबरून विचारलं.

‘‘छे छे, सर! त्याला मिस पंच म्हणतात. मिस पंच म्हणजे ऑटोमॅटिक हाफ डे.’’

पहिल्यांदाच मालकांनी खुर्ची पुढे ओढली.

तिसरं होतं मोबाइल ॲप, सेल्सच्या आणि डिस्पॅचच्या पोरांसाठी. कंपनीभोवती नकाशावर एक वर्तुळ आखायचं; पोरगं वर्तुळात असलं की हजर, बाहेर गेलं की गैरहजर. वर्तुळ लहान आखलं तर मागच्या गोडाऊनमधली माणसं गैरहजर होत होती. मोठं आखलं तर गेटसमोरची चहाची टपरी आणि तिच्या शेजारचं मिसळीचं हॉटेल कंपनीच्या हद्दीत आलं. धाकट्या शेठांनी दुसरा पर्याय निवडला. तेव्हापासून डिस्पॅचची पोरं कटवडा खाताना अधिकृतपणे कामावर असतात. सेल्समधल्या एकाने फोनमध्ये लोकेशन फिरवणारं दुसरं ॲप घालून जोतिबाच्या डोंगरावरून इचलकरंजीतल्या गिऱ्हाइकाची भेट नोंदवली. विक्रीच्या माणसाकडून ह्याहून वेगळी अपेक्षा ठेवणं म्हणजे त्याच्या गुणांवर अविश्वास दाखवणं.

धाकट्या शेठांना फोटोवर फार श्रद्धा. सेल्फी सक्तीची केली की झालं, असं त्यांचं म्हणणं. त्यांना सरकारचा अनुभव ऐकवावा लागला. रोजगार हमी ही मुळात महाराष्ट्राची देणगी, वि. स. पागे यांच्या डोक्यातून निघालेली, 1972 च्या दुष्काळात वाढलेली. तिच्या हजेरीपटावर भुतांची नावं चढतात ही तक्रारही तितकीच जुनी. देशभराच्या योजनेत ही भुतं उतरवायला 1 जानेवारी 2023 पासून मोबाइल ॲप सक्तीचं झालं: मजुरांचे कामाच्या जागेवरून दिवसातून दोनदा फोटो. जुलै 2025 मध्ये केंद्राच्या ग्रामविकास मंत्रालयालाच पत्र काढून कळवावं लागलं, की कामाशी संबंध नसलेले फोटो चढताहेत आणि फोटोचाही फोटो काढून हजेरी लागते आहे. उपाय काय सांगितला? फोटो माणसांनी तपासावेत, ग्रामपंचायत पातळीवर, झाडून सगळे. हे ऐकताना आप्पांच्या चेहऱ्यावर जो भाव आला, तो यंत्राने ओळखला नसता.

आता खरी गोष्ट. यंत्र कुठलंही असो, विकणारा शेवटी लॅपटॉप उघडतो आणि ‘रिपोर्ट’ दाखवतो. तिन्ही सेल्समननी पहिला रिपोर्ट उशिरा येणाऱ्यांचा दाखवला. लाल रंगात, मिनिटं, सेकंद, महिन्याची बेरीज, गेल्या महिन्याशी तुलना, गोल तक्ता, उभा तक्ता. थांबणाऱ्यांचा रिपोर्ट कुठे आहे, असं विचारल्यावर एकाने तो मेनूत शोधला, एकाने पुढच्या व्हर्जनला येईल म्हटलं आणि तिसरा पाणी प्यायला.

फाउंड्रीत हा बारीक मुद्दा नाही. पाळी साडेतीनला सुटते. पण त्या वेळी हीट तयार असली, तर चौदाशे अंशांच्या आसपासचं लोखंड लॅडलमध्ये ‘उद्या सकाळी भेटू’ म्हणून ठेवता येत नाही. ओतूनच जावं लागतं. वीस-पंचवीस मिनिटं रोज जातात. सॉफ्टवेअरचा नियम असा, की ओटी अर्ध्या तासापासून पुढे. त्याच्या आतलं सगळं शून्य. पंचवीस मिनिटं रोज, महिन्याचे सव्वीस दिवस, म्हणजे साडेसहाशे मिनिटं, म्हणजे अकरा तासांना दहा मिनिटं कमी. सॉफ्टवेअरच्या पडद्यावर: शून्य. उलट सकाळी तीनदा सहा-सहा मिनिटं उशीर झाला, तर तीन लेटमार्क, एक हाफ डे. अठरा मिनिटांचे चार तास. येताना यंत्र सोनाराचा काटा घेऊन बसतं आणि जाताना वखारीचा.

कायद्याचं म्हणाल, तर गैरहजेरीची कपात ही गैरहजेरीच्या वेळेच्या प्रमाणातच असावी, हे 1936 च्या वेतन प्रदान अधिनियमात लिहिलं गेलं. जादा कामाला दुप्पट दर हे 1948 च्या कारखाने अधिनियमाने सांगितलं, आणि आता नव्या कामगार संहिता आल्या तरी दुप्पट ते दुप्पटच आहे. आम्ही हे समितीत वाचून दाखवलं. अकौंटंट म्हणाला, ‘‘साहेब, कायदा आपल्याला मान्यच आहे, पण सॉफ्टवेअरमध्ये ते ऑप्शन नाही.’’ मोठमोठ्या वकिलांना न सुचलेला बचाव.

मग आप्पांनी एक साधाच प्रश्न टाकला. ‘‘धाकट्या मालकांचा चेहरा नोंदवायचा राहिला की. रोज अकरा-साडेअकराला येतात, नियमित हाय त्यांचं.’’ खोलीतला पंखा ऐकू येऊ लागला. सेल्समन मुरलेला होता. डायरेक्टर मंडळींसाठी ‘एक्झेम्प्ट’ नावाचं वेगळं खातं असतं, त्यात नाव टाकलं की माणूस जन्मभर हजर, असं त्याने सांगितलं. ह्या सोयीचे जादा पैसेही नव्हते. सौदा तिथेच पटला.

चेहऱ्याचं यंत्र घेतलं. कुणी त्याला छेडू नये म्हणून त्याच्यावर रोखलेला एक सीसीटीव्ही घेतला. सीसीटीव्हीची वायर कुणी ओढू नये म्हणून वॉचमनची खुर्ची तिथे हलवली. लाइट जाते म्हणून बॅटरी बॅकअप. सर्व्हर परदेशात आहे की पुण्यात, हे कुणालाच सांगता आलं नाही. पण सगळ्या कामगारांचे चेहरे तिथे पोचले हे नक्की. 2023 मध्ये देशात वैयक्तिक डेटाच्या संरक्षणाचा कायदा झाला आहे. एका पोराने ‘आमचे फोटो कुठं ठेवलायसा?’ असं विचारलं, तर त्याला ‘क्लाउडवर’ म्हणून उत्तर मिळालं. त्याने वर बघितलं आणि कामाला गेला.

आप्पांची नोकरी गेली नाही. यंत्र ज्यांना ओळखत नाही, त्यांची नावं लिहून ठेवायला कुणीतरी हवं होतं. ह्या कामाला ‘मॅन्युअल करेक्शन’ म्हणतात आणि त्यासाठी आप्पांनी ते जुनंच रजिस्टर काढलं. पहिल्या महिन्यात दुरुस्त्या पानभर झाल्या, दुसऱ्या महिन्यात आप्पांनी सरळ सगळ्यांचीच नावं लिहायला घेतली. दोनदा लिहायचा त्रास कशाला? एका रात्री लाइट गेली, बॅकअपही बसला आणि सकाळी यंत्र उठलं ते 1 जानेवारी 2000 ही तारीख घेऊन. त्या पाळीला आलेल्यांत दोघे असे होते, की त्या तारखेला ते जन्मलेले नव्हते. यंत्राने त्यांनाही ‘थँक यू’ म्हटलं. पगार मस्टरवरून झाला.

दुरुस्तीचा वार्षिक करार होताच. कंपनीला फोन केला. इंजिनिअर सोमवारी सकाळी नऊला पोचतो, असा शब्द मिळाला. तो गुरुवारी दुपारी आला. येताना टपरीवर चहा घेत होता, वर्तुळाच्या आत.