ताणण्याचे प्रयोग

आमच्या घरातला नळ मी बंद केला की तो उघडायला शेजारच्या तालमीतल्या मुलाला बोलवावं लागतं, आणि लोणच्याच्या बरणीचं झाकण मी लावलं तर ते लोणचं पुढच्या पिढीच्या वाट्याला जातं. ढिलं म्हणून काही दिसलं की माझे हात शिवशिवतात. हिला हे पाठ असल्यामुळे ती मला पायजम्याच्या नाडीपलीकडे कशाला हात लावू देत नाही. पण परभणीकडच्या आमच्या शेतात शेततळं खणायचं निघालं, ही पुण्यात राहिली, आणि तासावर ठरवलेल्या पोकलेनची चेन मला लोंबताना दिसली.

ऑपरेटर जेवायला गेला होता. मशीनजवळ हेल्पर पोरगा बसला होता आणि शेजारी ग्रीस गन. एरवी चेन म्हटलं की पाना फिरवायचा एवढंच मला ठाऊक. पण पोरानं साखळीच्या चौकटीतलं झाकण काढून आतलं निप्पल दाखवलं. त्यातून ग्रीस भरलं की आतला सिलिंडर पुढच्या चाकाला, म्हणजे आयडलरला, पुढं रेटतो आणि चेन ताणली जाते. वीस टनांचं धूड, आणि ते आपल्या मनगटानं हलतंय! मी पंप मारत सुटलो, पोरगा "बास काका, बास काका" करत राहिला, आणि मला वाटलं तो माझ्या तब्येतीच्या काळजीनं म्हणतोय. शेवटी चेन तंबोऱ्याच्या तारेसारखी झाली.

ऑपरेटरनं मशीन काळ्या चिखलात घातलं आणि असा करकराट झाला की बांधावरची म्हैस उठून उभी राहिली.

त्यानं बूम टेकवून ती बाजू अधांतरी उचलली. "काका, हिला पोट सुटलेलं लागतं." लोंबणाऱ्या चेनचं चौकटीपासूनचं अंतर पट्टीनं मापतात, एवढ्या मशीनला कंपनीप्रमाणे कमीजास्त, पण 30 सेंटीमीटरच्या आसपास. चिखलात तर आणखी सोडायची, कारण स्प्रॉकेटच्या दातांत माती ठासून बसली की चेन आपसूक आवळते आणि पिना, बुश, आयडलर सगळंच झिजतं. फार ढिली ठेवली तर वळताना उतरते. म्हणजे हा सगळा खेळ 'बेतानं' या गोष्टीचा, आणि ती आमच्या घराण्यात कुणालाच जमलेली नाही.

मी लगबगीनं पाना निप्पलला लावला, तर दोघंही ओरडले. ग्रीस असल्या दाबाखाली असतं की ते उडालं तर कातडी फोडून आत शिरतं! मला चार हात लांब उभं करून ऑपरेटरनं बाजूला राहून व्हॉल्व्ह जरासा सैल केला, चेन मागंपुढं फिरवली, आणि मी भरलेलं ग्रीस सावकाश मातीत उतरलं. ते डब्यात भरून घ्यावं असं मला वाटत होतं, पण बोललो नाही.

संध्याकाळी हिशोब झाला. चेनपायी गेलेला वेळही त्यात धरलेला पाहून मी म्हणालो, "अहो, ती तर मीच ताणली!"

"ताणली तेव्हा इंजिन बंद होतं काका, त्याचे पैसे घेतले नाहीत. सोडायचे तेवढे द्या."