युरोप करून आलेले

काशी करून आलेल्या गृहस्थाच्या पायांवर पाणी घालण्याची रीत पूर्वी आमच्या कोल्हापुरात होती. युरोप करून आलेल्याच्या पायांवर कोणी पाणी घालीत नाही, आणि बहुधा त्याच रागाने तो भेटेल त्याला आपल्या संध्याकाळीवर पाणी सोडावयास लावतो. या नव्या यात्रेकरूंचा अस्सल नमुना म्हणजे आमचे आबा. बांधकाम खात्यातून अव्वल कारकून म्हणून सेवानिवृत्त झालेले हे गृहस्थ, रंकाळ्यावरचा वारासुद्धा तापून निघतो अशा ऐन वैशाखात, मुलाच्या आग्रहास्तव आणि एका प्रवासी कंपनीच्या हुकमतीखाली, सपत्नीक आल्प्सपासून भूमध्य समुद्रापर्यंत जाऊन आले. आणि तेव्हापासून गंगावेशीतल्या दूधकट्ट्यावर, म्हशीच्या धारोष्ण दुधाचा पेला हातात घेऊन, या स्वारीचा मजकूर कलमवार सादर करीत असतात.

आबांचे वैशिष्ट्य असे की, युरोपात असता त्यांनी अखंड कोल्हापूर सांगितले आणि कोल्हापुरात आल्यावर ते अखंड युरोप सांगतात. आल्प्समधल्या युंगफ्राउयोखच्या रेल्वेस्थानकावर, ३,४५४ मीटर उंचीवर, म्हणजे पन्हाळ्याच्या सुमारे साडेतीनपट उंच जागी, सहप्रवासी हिमनदी पाहून अवाक् झाले असता, "वारा चांगला आहे, पण पन्हाळ्यावरच्या तबक उद्यानासारखी बसायची सोय नाही," असा शेरा यांनी मारला, आणि आज तेच आबा पन्हाळ्यावर गेले तर नाक मुरडून म्हणतात, "ह्याला काय डोंगर म्हणायचं?" मात्र त्या रेल्वेबद्दल त्यांच्या मनात निर्मळ आदर आहे. आयगर पर्वताचे पोट पोखरून ती वर नेण्यास १८९६ पासून १९१२ पर्यंत सोळा वर्षे लागली, हे मार्गदर्शकाने सांगताच आबांच्या डोळ्यांत स्वजन भेटल्याचा आनंद तरळला. "सोळा वर्षं! म्हणजे तिथंबी आपलंच खातं होतं की," ते म्हणाले. शिवाय १९१२ सालीच आमच्या खासबागेचे कुस्तीमैदान पुरे झाले, हा योगायोग त्यांनी त्या बिचाऱ्या मार्गदर्शकाकडून दोनदा वदवून घेतला.

त्यांच्या सौभाग्यवती, म्हणजे आमच्या काकी, यांची गोष्ट निराळी. त्या बोलल्या थोडे आणि पाहिले पुष्कळ. नीसच्या समुद्रकिनाऱ्यावर वाळू नसून गुळगुळीत गोटेच गोटे आहेत, ही बाब आबांच्या कथनात कोठेच येत नाही, कारण त्या गोट्यांवरून कोल्हापुरी चपलांनिशी ऐटीत चालताना आबांनी जी बैठक मारली ती प्रेक्षणीय होती. काकी तेवढीच सांगतात. "समुद्र निळाभोर, मान्य. पण पंचगंगेच्या घाटाला पायऱ्या तरी आहेत," एवढे बोलून त्या शेंगा निवडू लागतात. आबा त्या वेळी मोनाकोच्या बंदरातल्या नौकांकडे विषय वळवतात.

परंतु या दांपत्याचा खरा पराक्रम फ्लॉरेन्सचा. इंग्लंडहून परतताना ३० नोव्हेंबर १८७० रोजी, ऐन विशीत, करवीरचे छत्रपती राजाराम महाराज त्या शहरी निवर्तले. आर्नो आणि मुन्योने या नद्यांच्या संगमावर त्यांचे दहन झाले, आणि तेथेच काशिने उद्यानाच्या टोकाला छत्रीखाली त्यांचा अर्धपुतळा उभा आहे. प्रवासी कंपनीच्या कार्यक्रमपत्रिकेत अर्थातच यातले अक्षरही नव्हते. तेव्हा आबांनी रात्री हॉटेलच्या कागदावर रीतसर विनंती-अर्ज लिहिला, 'योग्य ती कार्यवाही व्हावी' असा शेवट केला आणि सकाळी टूर मॅनेजरच्या हाती देऊन त्याची पोच मागितली. तो तरुण इतका गोंधळला की त्याने स्वाक्षरी करून टॅक्सीही मागवून दिली. बाकीची मंडळी मायकेलअँजेलोचा डेव्हिड पाहावयास गेली; ही दोघे संगमावर. तेथे मात्र आबांना 'आमच्या प्रयाग चिखलीचा संगम' ही तुलना सुचली नाही, एवढे मी काकींच्या साक्षीवरून सांगू शकतो. टोपी नीट करून त्यांनी तीन वेळा मुजरा केला. काकींनी पिशवीतून गुळाचा खडा काढून चौथऱ्यावर ठेवला. "गावचं माणूस भेटायचं आणि मोकळ्या हातानं जायचं?" हा त्यांचा खुलासा. खड्याला मुंग्या लागतील, ही आबांची हरकत त्यांनी जागच्या जागी फेटाळली.

परवा कट्ट्यावर एका वकिलाने खोचकपणे विचारले, "म्हणजे आबा, एवढं फ्लॉरेन्सला जाऊन डेव्हिड राहिलाच की!"

"राहतोय कशाला? बाहेर चौकात त्याची नक्कल उभी आहे, ती बघितली," पेला खाली ठेवून आबा म्हणाले. "अंगापिंडानं बरा आहे गडी. पण लंगोट नाही. खासबागेत कोण उतरू देईल त्याला?"