चल, बेटा!
शिवाजी पार्कच्या कट्ट्याभोवती पहाटे कुत्रा फिरवणारे एका कलेत तरबेज असतात. कुत्रा पाठीची कमान करून बसला, की मालकांना नेमका फोन येतो. काम उरकलं की साखळीला हिसका, ‘चल, बेटा!’ अगदीच नजरानजर झाली, तर खिशातून काळी पिशवी निघते. मग ती गाठ मारून झाडाच्या बुंध्याशी ठेवायची, नैवेद्यासारखी.

मुंबई महापालिकेच्या २००६ च्या स्वच्छता उपविधींत रस्त्यावर थुंकणाऱ्या माणसाला दंड २०० रुपये, पाळीव प्राण्याच्या घाणीला ५००. म्हणजे दरपत्रकात तरी बेटा आपल्या वरचा! पावती फाडायला मात्र पहाटे कोण असणार? असतात त्या झाडूवाल्या मावशी. त्यांना पाहून बेटा शेपूट हलवतो. मालक ओळखसुद्धा दाखवत नाहीत.